बदललेली एकच गोष्ट

३ नोव्हेंबर

दादा,

आईला न्यायला हेलिकॉप्टर यायला हवं होतं, तर जगातली कोणती एकच गोष्ट वेगळी असायला हवी होती? हा तुझा प्रश्न. मला त्याचं उत्तर येत नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण तुझी समजूत अशी दिसते की पदवीच्या कागदासोबत सगळी उत्तरं पिशवीत घालून देतात.

खोकं मिळालं. प्रेसमध्ये मिळालं, कारण घरचा पत्ता घालायची तुझी छाती झाली नाही. मी दहावीच्या इतिहासाच्या गाइडची प्रुफं तपासत होते. मालक म्हणाले, "बाई, आहेर आला की काय? आम्हाला न सांगताच उरकलंत?" मग सगळ्यांच्या देखत उघडावंच लागलं. कापसाच्या थरात हेलिकॉप्टर. चहाच्या ट्रेएवढं. पांढरं, पोटावर नारिंगी पट्टा, दाराशी माणसाला वर ओढून घ्यायची तार, शेपटीवर दोनचा आकडा. मालकांनी कटिंग मशीन बंद केलं. ते कुणासाठीच बंद करत नाहीत. सुंदर झालं आहे, दादा. त्याचाच मला जास्त राग आला.

आईला अग्नी दिलास त्या दिवसानंतर तू घरात पाऊल टाकलं नाहीस. बाबांना एक फोन नाही. लष्कराच्या तळावर खरी हेलिकॉप्टरं दुरुस्त करतोस, सुटीत त्यांची पिल्लं बनवतोस, आणि बापाची तब्येत शेजारच्यांकडून विचारतोस. आता म्हणतोस, तुमच्या गावात मॉडेल क्लबचं प्रदर्शन आहे, 'असं झालं असतं तर' या गटात माझं मॉडेल ठेव, त्याची गोष्ट तू लिही, "इतिहासाची पदवी काय नुसती भिंतीवर टांगायला घेतलीस?" आणि बाबांना तिथे घेऊन जा, वाचून त्यांना बरं वाटेल.

मी तुझं काम करणार नव्हते. पण खोकं घरी नेलं तर बाबांनी ते पेपर पसरून टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसून पुसून बघत बसले. "त्याने केलंय?" म्हणाले. "आकडा दोनचा घातलाय बघ. त्याच्याच ताब्यातलं." मग शेपटीला बोट लावून म्हणाले, "त्या दिवशी बिचारं बिघडलं होतं."

बिचारं म्हणाले ते. हेलिकॉप्टरला.

तू त्या दिवशी तळावर होतास, आमच्याकडे नव्हतास, म्हणून सांगते. पुरात पूल वाहून गेलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अपेंडिक्स फुटलं आहे, पलीकडे मोठ्या हॉस्पिटलात नेलं तरच. त्यांनी तळावर निरोप पाठवला. उतरायची जागा वरून दिसावी म्हणून मी आणि बाबांनी मागच्या मैदानात आईच्या खाटेवरची पांढरी चादर पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. मग उलट निरोप आला: एक हेलिकॉप्टर दुसरीकडे गेलंय, दुसरं नादुरुस्त आहे. आम्ही चादर उचलली नाही. आई दुपारी गेली तेव्हाही ती तिथेच होती.

बाबा कधी कुणाला एक शब्द बोलले नाहीत. "जन्मभर बस चालवली," म्हणतात. "गाडी बंद पडली की लोक ड्रायव्हरच्या आईबापाचा उद्धार करतात. मी कुणाचा करणार नाही. यंत्र आहे, बंद पडतं."

त्यांच्यासाठी लिहीन. तुझ्यासाठी नाही.

तुझी धाकटी

१० नोव्हेंबर

दादा,

क्लबच्या सेक्रेटरींना भेटले. ते दातांचे डॉक्टर आहेत. दवाखान्यात पेशंट आ वासून बसलेला आणि हे मला नियम सांगतायत. "ताई, गोष्ट पटली पाहिजे. मागच्या वर्षी एकाने रणगाड्याला पंख लावून आणले. मी म्हटलं, पंख कोंबडीलाही असतात, ती कुठे परदेशी जाते?" पेशंट हसायला गेला आणि त्याच्या तोंडात काहीतरी टोचलं.

नियम तुला ठाऊकच आहे. इतिहासातली एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तिच्यातून आपोआप निघालं पाहिजे. आणि कार्डाच्या तळाशी ती बदललेली गोष्ट एका वाक्यात लिहायची, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की एवढं एक सोडून बाकीचं खरं. डॉक्टर म्हणाले, "एक थाप माफ. दुसरी मारलीत की गटातून बाहेर." मला हा नियम आवडला. आमच्या गाइडला लावला तर निम्मी पानं गळतील.

मग मी बसले. आधी मोठं धरलं. आपल्या जन्माआधीचं युद्ध झालंच नाही असं मानलं. युद्ध नाही म्हणून लष्कराला हेलिकॉप्टरं कमी लागली, उरलेली पूर आणि आगीच्या कामाला दिली, पांढरी रंगवली. छान जमत होतं. पण नदीवरचा तो पूल युद्धासाठीच बांधलेला. दवाखाना जखमी सैनिकांसाठीच सुरू झालेला. पूल नाही म्हणजे रस्ता नाही, मग बाबांची बस त्या वाटेला गेली नसती, आणि तिकिटाच्या सुट्या पैशांवरून आईने त्यांच्याशी भांडणही केलं नसतं. आईला वाचवायला निघाले आणि आपल्या दोघांनाच खोडून बसले.

मग छोटं धरलं. पूर एक दिवस उशिरा आला. पण तो आभाळाचा मामला झाला, त्यात माणसाने काय केलं? डॉक्टर म्हणाले, "हवामान बदलणं म्हणजे पळवाट." मग म्हटलं, पुलाचे खांब पक्के बांधले. पण मग हेलिकॉप्टरची गरजच नाही, आणि तुझं मॉडेल टेबलावर कशाला?

शेवटी उरलं एकच. दोन नंबर त्या दिवशी बिघडलेलं नव्हतं. हे मी तुला साधं समजून लिहिणार होते. पण मॉडेल दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी ते भिंगाखाली धरलं, आणि म्हणाले, "ताई, इथे तुमच्या भावाची एक चूक झालीये. उड्डाणाला तयार दाखवलंय, आणि नाकावर ही लाल पट्टी. ही लावली की पायलट जवळसुद्धा येत नाही. परीक्षक गुण कापतील."

मी पाहिलं. दोऱ्याएवढी लाल पट्टी, वर सुईच्या टोकाएवढी पिन.

तू चूक करणाऱ्यांतला नाहीस. तेलाचा ओघळ खऱ्या यंत्रावर जिथे आहे तिथेच काढतोस, हे तूच एकदा फुशारकीने सांगितलं होतंस. मग मी नीट बघायला लागले. तू त्या वेळी बाबांना सांगितलंस की गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. या मॉडेलला वरची झाकणं उघडी दाखवायची सोय आहे, बिजागऱ्यासुद्धा आहेत. झाकणं बंद आहेत. बंद, आणि खाली पट्टी.

हे कुठल्या दिवसाचं हेलिकॉप्टर आहे, दादा? रंग तू नवा दिलास. बाकी कुठल्या दिवसाचं?

उलट टपाली उत्तर पाठव.

१५ नोव्हेंबर

दादा,

"सवयीने लागली असेल, उपटून टाक." एवढंच?

लहानपणी तू माझी बाहुली मोडलीस आणि आईला म्हणालास, "आधीच मोडकी होती." आईने तुझ्याकडे नुसतं बघितलं, आणि जेवणाआधी तू स्वतःच कबूल केलंस. आता बघायला ती नाही, म्हणून मी बघते आहे.

मी पट्टी उपटलेली नाही. बाबांना काही बोललेले नाही. ते रोज डेपोतून आले की मॉडेलवरची धूळ फुंकतात. काल म्हणाले, "पोराचा हात बघ. तेव्हा ते यंत्र दुरुस्त करायला त्याने जिवाचं रान केलं असेल, नाही?"

मी हो म्हटलं. मला खोटं बोलायला लावलंस.

सगळं लिही. नाहीतर मी तळावर येते. फाटकावर अडवलं तर तिथेच बसेन, आणि मी कोण आणि कशाला आले आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन.

२१ नोव्हेंबर

तुझं पत्र वाचलं. प्रेसच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांवर बसून. मालकांनी विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी."

तर दोन नंबर चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी संचलन होतं, बाहेरून मोठे पाहुणे येणार होते, यंत्राला नवा रंग दिलेला. चिखलात उतरवून आणलं तर पुन्हा धुणं, पुन्हा तपासणी, वेळेत उभं राहिलं नसतं. म्हणून साहेब तुला म्हणाले, "पट्टी लाव." आणि तू लावलीस. बिघाड काय सांगायचा, तेही तूच सुचवलंस, कारण साहेबांना गिअरबॉक्समधलं काही कळत नाही.

"साहेबांचा हुकूम होता." हो. मी इतिहास शिकले आहे, दादा. हे वाक्य मी इतक्या माणसांच्या तोंडी वाचलंय की आता ते कुणाचंच वाटत नाही.

पण ते मी एक वेळ गिळलं असतं. तू खालच्या पायरीवरचा, तुझी नोकरी नवी, घरातून लष्करात गेलेला पहिला माणूस. भीती मला कळते. गिळता येत नाही ते पुढचं. तू लिहितोस: "दवाखान्यातून दुसऱ्यांदा निरोप आला, कुणी बाई आहे, वेळ नाही. मी तिथेच उभा होतो. नाव कळलं नाही. आई आहे एवढं कळलं असतं, तर आईशप्पथ, पट्टी ओढून फेकली असती. पिन ओढायची, बस. तेवढंच लिही कार्डावर. बदललेली गोष्ट: मेकॅनिकला कळलं की ती त्याची आई आहे."

म्हणजे दुसऱ्या कुणाची आई असती तर पट्टी राहू द्यायची.

हे तू मला लिहितोस. मला, जिने त्या मैदानात विटा ठेवल्या. आमच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, पाय मोडलेला. तिची सून मला म्हणाली होती, "येईल हो, कुणीतरी येईल. कुणाला तरी दया येईल." ती आपल्या आईला ओळखतही नव्हती. तिने स्वतःच्या सासूच्या खाटेवरची उशी काढून आईच्या पाठीला लावली.

मी तीन वर्षं नशिबावर रागावले होते. पावसावर, पुलाच्या ठेकेदारावर, गिअरबॉक्सवर. गिअरबॉक्स म्हणजे काय ते लायब्ररीत जाऊन बघून आले, दादा, म्हणजे रागवायला काहीतरी चेहरा मिळेल. आणि तू बाबांना ते यंत्र 'बिचारं' म्हणू दिलंस.

तुला काय हवंय तेही कळलं आता. प्रदर्शनात बाबा कार्ड वाचतील, डोळे पुसतील, म्हणतील पोराचं आईवर किती प्रेम. तुझं प्रेम होतंच. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. ते पुरलं नाही, एवढंच.

आणि साहेब. डॉक्टर कौतुकाने सांगत होते की उद्घाटनाला तुमच्याच तळाचे साहेब, तेच ते, आता निवृत्त झालेले, येणार, एकेक कार्ड वाचतात, एकेकाला प्रश्न विचारतात. हे तुला आधीपासून माहीत होतं का? माहीत असूनही तू पट्टी लावून पाठवलंस का? खरं सांग, की हेही सवयीने?

२९ नोव्हेंबर

दादा,

तुझं दुसरं पत्रही मिळालं. "नोकरी जाईल. बाबा खचतील. मेलेली आई परत येणार नाही. मॉडेल परत पाठव." चारही वाक्यं खरी असतील. तरी मी काय केलं ते सांगते. विचारत नाही.

परवा दुपारी मी डेपोत गेले. बाबा आता बस चालवत नाहीत, फाटकाजवळच्या टेबलावर बसून गाड्या सोडतात. त्यांची जेवणाची सुटी होती. वर्कशॉपच्या बाहेरच्या बाकावर बसलो. मी कार्ड लिहून नेलं होतं. प्रेसमध्ये स्वतः अक्षरं जुळवून, जाड कागदावर छापून. त्यांना वाचून दाखवलं. तुलाही लिहिते:

"नदीला पूर आला आणि पूल गेला. पलीकडच्या दवाखान्यातून तळावर निरोप आला: एक बाई आहे, वेळ नाही. दोन नंबर उभं होतं. दुसऱ्या दिवशीच्या संचलनासाठी ते स्वच्छ राहावं म्हणून साहेबांनी मेकॅनिकला नादुरुस्तीची लाल पट्टी लावायला सांगितली. मेकॅनिक म्हणाला, यंत्र चांगलं आहे, साहेब. ती बाई कोण हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. पायलट गेला आणि तिला घेऊन आला. परत जाऊन पाय मोडलेल्या एका म्हातारीलाही आणलं. संचलनात दोन नंबर चिखलाने माखलेलं उभं राहिलं. मेकॅनिकला महिनाभर हेलिकॉप्टरांचा हँगर झाडायची शिक्षा झाली. पूर ओसरेपर्यंत त्याच यंत्राने इतक्या फेऱ्या केल्या, की पुढे ते याच कामाला दिलं गेलं आणि पांढरं रंगवलं गेलं.

बदललेली एकच गोष्ट: मेकॅनिकने पट्टी लावायला नकार दिला."

बाबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटची ओळ त्यांनी माझ्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचली. बोट ठेवून. नियम मी आधीच समजावला होता, की तळाशी लिहितात ते सोडून बाकीचं खरं.

"म्हणजे ते चालू होतं," ते म्हणाले.

"हो."

"त्याने लावली."

"हो."

वर्कशॉपमध्ये कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. बाबा तिकडे वळले. मग म्हणाले, "आमच्याकडे पट्टी नसते. बंद गाडीच्या काचेवर खडूने फुली मारतात."

मी म्हटलं, "माहितीये."

"मला सांगितलं होतं एकदा. डेपो मॅनेजरच्या पाहुण्यांना फिरवायला गाडी हवी होती. सकाळच्या फेरीच्या गाडीवर फुली मार म्हणाले. मारली मी. त्या फेरीला स्टॉपवर कोण कोण उभं होतं, मला आजपर्यंत माहीत नाही."

मला त्यांचाही राग आला, दादा. खोटं कशाला सांगू? सगळ्यांचाच आला. मी म्हटलं, "मग आता काय, माफ करायचं सगळ्यांना? तुम्हीपण मारली, त्यानेपण लावली, फिट्टंफाट?"

"माफ कोण करतंय?" ते म्हणाले. आवाज चढला त्यांचा, वर्कशॉपमधला माणूस बाहेर डोकावला. "तीन वर्षं मी त्या यंत्राला सांभाळून घेत होतो. लोकांशी वाद घातला त्याच्यासाठी. माझ्याच तोंडून मला मूर्ख बनवलं पोराने." मग कागद उलटासुलटा करून बघितला. "यावर बनवणाऱ्याचं नाव कुठाय?"

मी म्हटलं, खाली जागा सोडलीये, क्लबवाले नुसतं आडनाव लिहितात.

"आडनाव नको. पूर्ण लिही. त्याचं, माझं, आडनाव. मधलं गाळू नकोस."

मी लिहिलं. त्यांनी तो कागद सुकेपर्यंत धरून ठेवला, मग टेबलाकडे गेले आणि भोंगा वाजायच्या आधीच पुढची गाडी सोडून दिली. कंडक्टर मागून धावत होता.

आज सकाळी आम्ही दोघं क्लबच्या हॉलमध्ये गेलो. मॉडेलला खाली काहीतरी बैठक लागते. आईची ती चादर बाबांनी कपाटाच्या तळाशी ठेवली होती, मला माहीत नव्हतं. त्यांनीच काढून दिली, आणि कात्रीही त्यांनीच दिली. मी ट्रेएवढा तुकडा कापला. चार कोपऱ्यांवर विटेचे चार खडे चिकटवले. तुझं हेलिकॉप्टर मधोमध उतरवलं.

डॉक्टरांनी कार्ड दोनदा वाचलं. त्यांचे विनोद आटले. "ताई, उद्घाटनाला कोण येणारेत ते तुम्हाला मी सांगितलंय ना?" मी म्हटलं, सांगितलंय. बाबा म्हणाले, "म्हणून तर." डॉक्टरांनी नियमांचा कागद काढून बघितला. मग म्हणाले, "नियमात बसतंय. एकच थाप आहे." आणि मॉडेल दारासमोरच्या पहिल्या टेबलावर हलवलं.

पट्टी मी काढलेली नाही. कार्डात मेकॅनिकने नकार दिलाय, तरी यंत्राच्या नाकावर ती लोंबतेच आहे. डॉक्टर म्हणाले, गुण जातील. मी म्हटलं, जाऊ देत.

उद्घाटन रविवारी सकाळी आहे. काचेच्या पेटीला कुलूप लावलंय आणि किल्ली डॉक्टरांकडे आहे. मॉडेल परत हवं तर स्वतः ये: कार्डावरचं पूर्ण नाव आपलं म्हणून सांगणाऱ्यालाच ती द्यायची, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय.

तुझी बहीण